निमित्त नसलेला नाच

गेल्या डिसेंबरात माझ्या मावशीची अठरा सेकंदांची क्लिप आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. मावशी चौपन्न वर्षांची, सांगलीला असते, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. दर गुरुवारी दुपारी जेवणं आणि झाकपाक आटोपली, काका आडवे झाले, की ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडते आणि झूमवरच्या एका मुक्त नृत्याच्या वर्गात नाचते. सुट्टीला आलेल्या पुतण्यानं दाराच्या फटीतून ते टिपलं. मावशीचे डोळे मिटलेले, गाऊनवर ओढणी कमरेला खोचलेली, आणि पलंग आणि कपाट यांच्या मधल्या चार फरशांवर ती हात पसरून स्वतःभोवती फिरते आहे. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, आणि मग वाद. कुणी लिहिलं, या वयात हे बरं दिसतं का. कुणी म्हणालं, चांगलंच आहे की, वजन उतरेल, गुडघे मोकळे होतील. एका चुलतबहिणीनं लांबलचक संदेश टाकला की ही थेरपी आहे, बाईच्या अंगात वर्षानुवर्षं साचलेलं दुःख अशानं बाहेर पडतं. कथक शिकलेल्या आतेबहिणीनं विचारलं, ना ताल ना पदन्यास, याला नाच कशावरून म्हणायचं? एका काकांनी हिशोब मांडला, महिन्याला आठशे रुपये कशाचे?

मावशी त्याच ग्रुपमध्ये आहे. तिनं सगळं वाचलं होतं हे दिसत होतं. दोन दिवस चाललेल्या त्या चर्चेतला एकही संदेश तिला उद्देशून नव्हता. पण मला त्याहून अधिक खटकलं ते वेगळंच. नावं ठेवणारे आणि पाठराखण करणारे, दोघांचंही एका गोष्टीवर मनोमन एकमत होतं: बाईनं अंग हलवलं तर त्यामागे सबळ निमित्त हवं. फक्त कुठलं निमित्त चालेल यावर त्यांचं भांडण होतं. माझं म्हणणं असं आहे की घरबसल्या पडद्यासमोर, न शिकवलेल्या हालचालींनी नाचण्याचे हे वर्ग बायकांनी जरूर लावावेत, आणि त्यांचं खरं मोल यातच आहे की तिथे नाचायला निमित्त लागत नाही. वजन, उपचार, आत्मविश्वास ही नवी निमित्तं त्यांना चिकटवणारे हितचिंतक त्या वर्गांतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट काढून घेताहेत.

या वर्गांत नेमकं होतं काय? शिकवणारी बाई स्टेप दाखवत नाही. ती संगीत लावते आणि अधूनमधून एखादी सूचना करते: आता फक्त खांदे, आता जमिनीवरचं वजन या पायावरून त्या पायावर. कॅमेरा बंद ठेवायची मुभा असते. वर्ग संपल्यावर कुणाचं चांगलं झालं, कुणाचं वाईट, हे कुणी सांगत नाही. ही कल्पना काही काल-परवाची नाही. अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कॉर्सेट आणि बॅलेचे बूट टाकून अनवाणी मंचावर आली तेव्हा पाश्चात्त्य जगात या वाटेची सुरुवात झाली. पुढे अमेरिकेत गॅब्रिएल रॉथनं ओघवती, तुटक, सैरभैर, हलकी आणि स्थिर अशा पाच लयींतून जाणारी एक पद्धत बसवली. आजचे पुष्कळसे वर्ग कळत-नकळत तिचंच काही ना काही घेतात. डंकन मात्र प्रेक्षकांपुढे नाचत होती. मावशीच्या खोलीत प्रेक्षक नाही, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे.

आपल्याकडे बायका नाचल्या-गायल्या नाहीत असं थोडंच आहे? खूप नाचल्या, खूप गायल्या. पण प्रत्येक वेळी हाताशी एक निमित्त धरून. जात्यावरची ओवी घ्या. गी पॉयटविन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. भाऊ, माहेर, नवऱ्याची मारझोड, विठ्ठल, दुष्काळ, सगळं त्यात आहे. इतकं मोठं भांडार ज्या बायकांनी रचलं त्यांना ते म्हणायला दळण लागत होतं. हात खुंट्यावर असतील तरच तोंड उघडायची मोकळीक. नुसती बसून गाणारी सून कुठल्या सासूनं खपवून घेतली असती? मंगळागौरीतही तेच. रात्र जागवायची, फुगड्या घालायच्या, पिंगा घालायचा, पण व्रत नवऱ्यासाठी. गोव्यात पौषातल्या रात्री बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र अंगणात, धालो हा गाण्या-नाचाचा खेळ खेळतात, तिथे ग्रामदेवतेचं निमित्त. पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन असं म्हणणाऱ्या जनाबाईलाही पाठीशी विठ्ठल होताच. आणि त्या घुमाचं काय? मैत्रिणी तिला नाच म्हणतात आणि ती दर कडव्याला सांगते की अमक्या गावचा सोनार आला नाही, तमक्या गावचा कासार आला नाही, अंगावर हे नाही, ते नाही, मग नाचू कशी? लहानपणी आम्ही हे टाळ्या पिटत म्हणायचो. आता म्हणताना लक्षात येतं की घुमा एकदाही ‘मला नाचायचं नाही’ असं म्हणत नाही. अंग पुरेसं सजलेलं नाही, एवढीच तिची अडचण आहे. आजच्या घुमेला सोनाराची वाट पाहावी लागत नाही. ती दहा किलो उतरायची वाट पाहते. दंड बारीक होण्याची, बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आत जाण्याची.

भाषाही साक्ष देते. ठरलेल्या चौकटीबाहेरच्या नाचाला मराठीत सहज सुचणारे शब्द कोणते? थयथयाट. धिंगाणा. धांगडधिंगा. नंगानाच. नाच मोकळा झाला की आपण त्याला एकतर राग समजतो नाहीतर बेशिस्त. अंगणावर दोष ढकलणाऱ्याची थट्टा करणारी ती प्रसिद्ध म्हणसुद्धा गृहीत काय धरते? नाच ही यायची किंवा न यायची गोष्ट आहे, आणि न येणाऱ्यानं नाचू नये.

हा नियम पुरुषांना लागू आहे का? कुठल्याही लग्नसराईत वरातीपुढे उभं राहून पाहा. विसर्जनाच्या मिरवणुकीत पाहा. बँडवर सापाचं गाणं वाजलं की कुणीतरी तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळतो आणि दुसरा त्याच्यापुढे पुंगी वाजवतो. त्याला कुणी विचारत नाही, तू हे कुठे शिकलास? पोट सुटलंय, दम लागेल, बरं दिसत नाही, असं कुणी म्हणत नाही. माझे काका, ज्यांनी आठशे रुपयांचा हिशोब मांडला, मुलाच्या वरातीत दीड तास नाचले होते आणि आम्हा सगळ्यांना ते पाहून आनंद झाला होता. वरात हे निमित्त आहेच, पण ते इतकं सैल आहे की क्रिकेटचा सामना जिंकला तरी पुरतं. मोकळा नाच महाराष्ट्राला नवा नाही. तो अर्ध्या लोकसंख्येला पूर्वीपासून उपलब्ध आहे. आता मुली ढोल-ताशा पथकांत आहेत, वरातीतही नाचतात, हे खरं आणि फार चांगलं आहे. तरी चौपन्न वर्षांची बाई वरातीत नाचताना आधी आजूबाजूला नजर टाकते, पदर सावरते, चार पावलं टाकून हसत बाजूला होते. हे पाहिलं नाही असा कोण आहे?

आता आक्षेपांकडे येते. ते पोकळ नाहीत.

पहिला असा की आपल्याकडे झिम्मा-फुगडी असताना पैसे देऊन ऑनलाइन वर्ग कशाला? यातलं एक मी बिनशर्त मान्य करते. फुगडीत दोघी एकमेकींचे हात धरून मागे झुकतात, एकीनं सोडलं तर दुसरी पडेल, आणि त्या भरवशावर वेग वाढत जातो. झूमवर ते कधीच मिळणार नाही. अंगाला अंगाचा आधार मिळणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती जाऊ नये. पण त्या फेरात कुणाला जागा होती? मंगळागौर नव्या नवरीची. फार तर लग्नानंतरची पाच वर्षं. सवाष्णींना बोलावणं, विधवेला नाही. नवरा गेला की बाईचं हळदीकुंकू संपायचं, रंग संपायचे, आणि त्यांच्याबरोबर अंगानं आनंद व्यक्त करायची मुभाही संपायची. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला तो मे २०२२ मध्ये. परवाच म्हणायचं. माझी मावशी सवाष्ण आहे. पण तिच्या त्या वर्गात कोण सवाष्ण, कोण विधवा, कोण बिनलग्नाची, कोण घटस्फोटित हे ठाऊक असायचं कारणच पडत नाही. आपल्या परंपरेत फेर आहे, लय आहे, दंगा आहे, सगळं आहे. सर्वांना येऊ देणारं दार नव्हतं.

दुसरा आक्षेप आतेबहिणीचा, शिस्तीचा. कथकची तिहाई समेवर आली की जो आनंद होतो तो वर्षानुवर्षं घासल्याशिवाय मिळत नाही, आणि मनाला येईल तसं हलणारं शरीर बहुतेक वेळा आपल्याच चार सवयींत फिरत राहतं. हे खरं आहे. रियाजानं येणारं स्वातंत्र्य वेगळ्याच उंचीचं असतं. पण ओवीची तुलना आपण ख्यालाशी करतो का? जात्यावर बसलेलीला, तुझा षड्ज लागला नाही, असं कुणी म्हटलं नाही, कारण ती मैफल नव्हती. मुक्त नृत्य ही कला असल्याचा दावा मी करत नाही. ते बोलण्यासारखं आहे. सगळ्यांना वक्तृत्व येत नाही, म्हणून बोलायचं थांबवायचं का? आणि आणखी एक. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली त्या काळात घरंदाज मुलींनी नाचावं का हाच प्रश्न होता. आज जे कथक ‘खरा नाच’ म्हणून पुढे केलं जातं, तेही कुणीतरी नजरा आणि टोमणे सोसून आपल्यापर्यंत आणलेलं आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि आमच्या ग्रुपवर तो कुणी घेतला नाही याचं मला वाईट वाटतं. तो असा: महाराष्ट्रात ज्या बायकांनी खरोखर नाचून आयुष्य काढलं त्या कोण होत्या? कोल्हाटी, महार, मांग अशा जातींतल्या. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांच्या अभ्यासात दाखवलं की पेशवाईपासून या बायकांच्या शरीरावर आणि श्रमावर जातीनं कसा हक्क सांगितला, आणि घरंदाज बाईची प्रतिमा त्यांच्या विरोधात कशी घडत गेली. विठाबाई नारायणगावकरांची हकिकत सर्वांना माहीत आहे: दिवस भरलेले असताना त्या फडात नाचत होत्या, मंचामागे बाळंत झाल्या. त्यांच्यासाठी नाच म्हणजे भाकरी होती. मग शहरातल्या, पेन्शन असलेल्या, बहुतेक सवर्ण बाईनं बंद खोलीत हौसेनं नाचावं आणि त्याला मुक्ती म्हणावं, हे कितपत शोभतं? २००५ साली महाराष्ट्रानं डान्स बारवर बंदी घातली तेव्हा तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना ती लागू नव्हती. नाच तोच, पण गरीब बाईचा अश्लील आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला करमणुकीचा. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला, त्यात हा भेदभाव आणि उपजीविकेचा हक्क हेच मुद्दे होते. त्या आठ वर्षांत मावशीसारख्या किती बायका बारबालांच्या बाजूनं बोलल्या? आमच्या घरात तर कुणी नाही.

हे सगळं मी मान्य करते. पण या युक्तिवादाचा शेवट ‘म्हणून तुम्ही नाचू नका’ असा का व्हावा? मावशीला नाचताना जी लाज वाटते ती आली कुठून, हे पाहू. लहानपणी ती आरशासमोर कंबर हलवताना सापडली तेव्हा आजी तिला म्हणाली होती, ‘काय तमाशातल्या बायकांसारखं चाललंय?’ त्या एका वाक्यात दोघींना बांधलेलं आहे. तमाशातल्या बाईला हलकं ठरवलं, आणि ते हलकेपण दाखवून घरातल्या मुलीला स्थिर बसवलं. एकीनं सगळ्यांसाठी नाचायचं, दुसरीनं कुणासाठीच नाही, स्वतःसाठीही नाही. ही एकाच कुंपणाची दोन अंगं आहेत. म्हणून घरंदाज बाईची लाज ही निष्पाप लाज नाही. तिच्यात जात मुरलेली आहे. ती लाज टाकली की लावणी करणाऱ्या बाईला न्याय मिळतो असं मी म्हणत नाही, तो हक्कांचा, मानधनाचा, घरांचा आणि पेन्शनचा वेगळा झगडा आहे. पण जिला स्वतःच्या कंबरेची किळस वाटते ती दुसरीच्या कंबरेकडे मानानं कशी पाहील? आणि हा नाच फक्त सुखवस्तू बायकांचाच हेही खरं नाही. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये उभी केलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्याधारित उपचाराचं काम करते. ज्यांच्या शरीरावर दुसऱ्यांनीच ताबा ठेवला होता, त्या मुली आपला हात आपल्या मर्जीनं वर नेण्यापासून सुरुवात करतात.

इथे एक सांगायलाच हवं. संवेदसारख्या संस्थांत जे चालतं ते प्रशिक्षित माणसांनी केलेलं उपचाराचं काम असतं. गुरुवार दुपारचा झूमवर्ग म्हणजे ते नव्हे. आघात अंगातून काढून टाकू, तुमच्यातली देवी जागी करू, अशा जाहिराती करणारे वर्ग आहेत, आणि ते धोकादायक आहेत. कारण नाचताना कधी कधी खरोखरच रडू फुटतं, आणि पडद्यापलीकडची शिकवणारी बाई त्या वेळी काहीच करू शकत नाही. चुलतबहिणीला हे पटणार नाही, पण नाचाची बाजू घेताना त्याला औषध म्हणणं हे त्याच्यावर न पेलणारं ओझं टाकणं आहे. औषध म्हटलं की गुण आला का, हे विचारलं जातं. आणि गुण आला नाही तर बंद करा म्हटलं जातं.

चौथा आक्षेप एका मैत्रिणीनं घेतला, ती चळवळीत काम करते. ती म्हणाली, बायकांनी उंबरठा ओलांडायला शंभर-दीडशे वर्षं घालवली आणि तू त्यांना पुन्हा आतल्या खोलीत पाठवतेस? शिवाय इंटरनेट आहे कुणाकडे? तिचा दुसरा प्रश्न आकड्यांनी पक्का आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम ३३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के. तेव्हा हे वर्ग आज तरी मूठभरांचे आहेत. पण त्याच पाहणीत हेही दिसतं की बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीनं जायची मोकळीक केवळ ४२ टक्के बायकांना आहे. आणि वेळेचं काय? २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात गेली, पुरुषांची ९७. मावशीला गावात वर्ग लावायचा असता तर जाणं-येणं धरून दोन तास लागले असते, आणि त्या दोन तासांचा जाब द्यावा लागला असता. आतल्या खोलीतल्या पन्नास मिनिटांचा द्यावा लागत नाही. निदान त्या दुपारपर्यंत लागत नव्हता.

राहिला खोलीचा प्रश्न. मला इथे रमाबाई रानडे आठवतात. अकरा वर्षांची मुलगी लग्न होऊन आली आणि तिचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी तिला रात्री, खोलीत, शिकवायला घेतलं. दिवसा घरातल्या बायका त्यावरून टोचून बोलत. इंग्रजी वाचणाऱ्या सुनेला काय काय ऐकावं लागलं ते रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या खोलीतल्या शिक्षणाला कुणी म्हणालं असतं, की हे घरात कोंडणं आहे, शाळेत पाठवा, तर तत्त्वतः ते बरोबर ठरलं असतं. पण त्याच खोलीतून निघालेल्या बाईनं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही बायकांच्या शिक्षणाची संस्था उभी केली. नाचाचा वर्ग म्हणजे साक्षरता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की बायकांच्या बाबतीत बंद दार नेहमी तुरुंगाचंच नसतं. कोंडण्यासाठी बाहेरून लावलेली कडी आणि कुणी पाहू नये म्हणून आतून लावलेली कडी, या दोहोंत फार अंतर आहे. मुंबईतल्या बायकांच्या वावराचा अभ्यास करताना शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी दाखवलं की बाई रस्त्यावर काहीतरी काम असल्यासारखीच वावरते. पिशवी, फोन, घाईची चाल. विनाकारण रेंगाळायचा हक्क त्यांनी मागितला तो यासाठी. मला वाटतं, हा हक्क घराबाहेर जितका दुर्मीळ तितकाच घरातही आहे. घरात बाई विनाकारण कधी उभी असते? ती उभी राहिली की कुणीतरी विचारतं, ‘काय शोधतेयस?’

शेवटचा आक्षेप शरीराच्या स्वीकाराबद्दलचा. स्वीकार म्हणजे हयगय, असं डॉक्टर असलेल्या एका नातेवाइकांनी लिहिलं. काळजी खरी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या भारतीय पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. शिवाय निम्म्याहून अधिक भारतीय बायकांची पुरेशी हालचाल होत नाही. पण बायका हलत नाहीत त्या स्वतःच्या शरीरावर फार प्रेम आहे म्हणून का? पोहायला न जाणाऱ्या बाईला विचारा. तलावाला ती घाबरत नाही, पोहण्याच्या कपड्यांना घाबरते. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना पोहण्याचा पोशाख घालायला दिला, काहींना स्वेटर, आणि आरसा असलेल्या खोलीत गणितं सोडवायला लावली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं बिघडली. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. खोलीत त्यांना पाहणारं दुसरं कुणीही नव्हतं. परक्याची नजर मुलींनी इतकी आत घेतलेली असते की पुढे पाहणारा माणूस लागतच नाही, आरसा पुरतो.

म्हणून ‘आरशासमोर उभ्या राहा आणि स्वतःला सुंदर म्हणा’ हा जो स्वीकाराचा बाजारी प्रकार आहे, त्यावर माझा विश्वास नाही. तो बाईला पुन्हा आरशासमोरच आणून सोडतो. मला अभिप्रेत असलेला स्वीकार म्हणजे आपण कशा दिसतो हे काही वेळ आठवणीतून जाणं. ऑनलाइन वर्गाचा एक मोठा दोष इथेच आहे आणि एक उपायही. झूमवर आपला चेहरा सतत आपल्यालाच दिसत राहतो. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये झूमच्या थकव्याची जी कारणं दिली त्यात हे एक होतं. पण तिथेच स्वतःची चौकट लपवायची सोय आहे. मावशीच्या शिकवणाऱ्या बाई पहिल्या दिवशी सगळ्यांना ती करायला लावतात, रेकॉर्डिंग करत नाहीत, आणि कॅमेरा चालू ठेवा असा आग्रह धरत नाहीत. वर्ग निवडताना मी तरी एवढ्या तीन गोष्टी आधी विचारीन. फी, संगीत, प्रमाणपत्र वगैरे नंतर. आणि फरशीवर नाचताना पायमोजे काढा, सतरंजी घट्ट नसेल तर तीही काढा. पडल्यावर पलीकडून कुणी उचलायला येत नाही.

मी मावशीला विचारलं होतं, नाचताना काय वाटतं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘अगं, काही वाटत नाही. तेच बरं वाटतं. एरवी सारखं काहीतरी वाटतच असतं.’ ग्रुपवरच्या शंभर संदेशांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. पण हे उत्तर ग्रुपवर टाकलं असतं तर कुणाला पुरलं असतं? वजन उतरलं का, गुडघे सुटले का, मन हलकं झालं का, यांतल्या एकाचंही त्यात उत्तर नाही.

ती क्लिप आल्यावर तीन गुरुवार मावशीनं वर्ग बुडवला. पुतण्यानं नंतर माफी मागितली, ती तिनं ऐकून घेतली. चौथ्या गुरुवारी सकाळी तिनं सुतार बोलावला. आतल्या खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती. घर बांधून तीस वर्षं झाली, कुणाला ती लागली नव्हती. काकांनी विचारलं, आता मध्येच कडी कशाला? मावशीनं काही कारण सांगितलं नाही. सुताराला चहा दिला, पैसे दिले, आणि दुपारी मला फोटो पाठवला. पितळी कडी, लावलेली.